ससा आंघोळीने नव्हे, गवताने स्वच्छ राहतो

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा किंवा मांजर नसून ससा आहे. क्वार्टर लहान असले तरी तो मावतो, भुंकत नाही, शेजाऱ्यांना त्रास देत नाही आणि बदलीच्या ठिकाणी सोबत नेता येतो. पण ससा पाळणाऱ्या घरांतून काही तक्रारी हमखास ऐकू येतात. त्याला वास येतो. शेपटीखालचे केस सारखे घाण होतात. पिंजऱ्यात चिकट काहीतरी पडलेले असते. आंघोळ घातली तरी दोन दिवसांत पुन्हा तेच.

या तक्रारींवर घरोघरी एकच उपाय केला जातो: बादली, साबण आणि आंघोळ. हा उपाय चुकीचा तर आहेच, पण सशाच्या जिवावर बेतू शकतो. सशाचे शरीर आतून कसे चालते हे समजून घेतले, तर शेपटीखालच्या घाणीचे मूळ बहुतेक वेळा त्याच्या खाण्याच्या भांड्यात असते हे ध्यानात येईल. ते कसे, आणि त्यावर काय करायचे, ते या लेखात पाहू.

पोट घोड्यासारखे

ज्या शाळांत घोडेस्वारी शिकवतात, तिथल्या कॅडेट्सना हा भाग लगेच समजेल. घोड्याचे मुख्य अन्न गवत. दाणा ही वरची भर. दाणा जास्त झाला की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे पोटात गेलेले बाहेर काढण्याचा मार्ग नसतो. गवताचे हे महत्त्व सैन्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिले मिलिटरी फार्म सुरू झाले. २०२१ मध्ये ही फार्म बंद होईपर्यंत त्यांनी जवानांसाठी दूध आणि सैन्यातील जनावरांसाठी सुके गवत पुरवले.

सशाच्या पोटाची रचना याच धर्तीची आहे. गाय-म्हैस रवंथ करतात. त्यांचे गवत आतड्याच्या आधी, पोटाच्या कप्प्यांत आंबते. घोडा आणि ससा यांच्यात ते काम नंतर होते. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते तिथे एक मोठी पिशवी असते, तिला सीकम म्हणतात. सशाच्या सीकममध्ये असंख्य उपयुक्त जिवाणू राहतात आणि ते गवताचा बारीक चोथा आंबवतात. घोड्याप्रमाणे सशालाही उलटी करता येत नाही. म्हणून त्याचे पोट सतत पुढे सरकत राहणे आवश्यक असते, आणि ते सरकवत ठेवण्याचे काम करतात गवतातील लांब, कडक तंतू.

ससा म्हणजे मोठा उंदीर, असाही एक समज आहे. पूर्वी शास्त्रज्ञही सशाला उंदरांच्याच गणात धरत असत; १९१२ मध्ये त्याचा गण वेगळा केला गेला. उंदीर धान्य खाऊन मजेत जगतो. ससा धान्यावर जगायला बनलेला नाही. घरात पाळले जाणारे सगळे ससे मूळच्या युरोपीय रानटी सशाचे वंशज आहेत. दिवसरात्र थोडे थोडे गवत चरत राहणे हा त्याचा स्वभाव आहे. आपल्याकडच्या माळरानावर दिसणारा ससा हा वेगळा प्राणी आहे. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडून पाळता येत नाही.

दोन प्रकारच्या लेंड्या

आता मुख्य मुद्दा. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. पहिल्या प्रकारच्या लेंड्या गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या असतात आणि चुरगळल्या की आत गवताचे तंतू दिसतात. निरोगी ससा दिवसाला अशा २०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्यांना जवळजवळ वास नसतो.

दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या मऊ, चकचकीत, गडद रंगाच्या आणि द्राक्षाच्या छोट्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यांना वास असतो. या सीकममध्ये तयार होतात आणि त्यांत प्रथिने व ब गटातील जीवनसत्त्वे असतात. ससा त्या जमिनीवर पडू देत नाही. मान वाकवून थेट गुदद्वाराशी तोंड नेतो आणि गिळून टाकतो. बहुधा रात्री किंवा पहाटे हे घडते, म्हणून अनेकांनी ते पाहिलेलेही नसते. पाहिले तर किळस करू नका. ज्या पोषणासाठी गाय रवंथ करते, त्यासाठीच ससा हे करतो. त्याला त्यापासून अडवू नये.

घरात जी चिकट घाण दिसते, ती बहुतेक वेळा हीच मऊ लेंडी असते. ससा ती खात नाही, ती केसांना लागते, त्यावर तो बसतो आणि ती पसरते. घरचे लोक त्याला जुलाब समजतात. खरा जुलाब पाण्यासारखा पातळ असतो आणि त्यात गोल लेंड्या दिसत नाहीत. ससा लहान असेल आणि असा जुलाब झाला, तर एक तासही न थांबता डॉक्टर गाठावा. मात्र गोल कोरड्या लेंड्याही पडत आहेत आणि त्यांच्याबरोबर चिकट घाणही आहे, असे असेल तर प्रश्न असा विचारायचा: ससा मऊ लेंडी का खात नाही?

कारणे मोजकी आहेत. खाणे फार पौष्टिक आणि गोडधोड असेल, तर मऊ लेंड्या गरजेपेक्षा जास्त आणि पातळसर तयार होतात. ससा लठ्ठ असेल, तर त्याचे तोंड तिथवर पोहोचत नाही. दात दुखत असतील किंवा म्हातारपणी सांधे धरले असतील, तरीही तो वाकत नाही. यातली पहिली दोन कारणे सरळ आहाराची आहेत आणि दातांचे दुखणेही बहुधा आहारातूनच येते. सशाचे सगळे, म्हणजे २८ दात जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चघळताना दाढा एकमेकींवर घासल्या जातात आणि झिजतात. चपाती किंवा पेलेट चावायला तेवढे घासावे लागत नाही. मग दाढांना टोके येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात, लाळ गळते, हनुवटी ओली राहते आणि तिथलेही केस खराब होतात.

एक नेहमीचे उदाहरण

समजा, एक दोन किलोचा, दीड वर्षाचा ससा आहे. सकाळी त्याला वाटीभर पेलेट मिळतात. दुपारी चपातीचा तुकडा, संध्याकाळी एक गाजर, चहाच्या वेळी कोणाच्या तरी हातून बिस्किट. गवताबद्दल विचारले तर उत्तर येते, "टाकून पाहिले, पण तो खातच नाही."

हिशेब करू. पूर्ण वाढलेल्या सशाला पेलेट द्यायचेच झाले, तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम. दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम. भरलेली वाटी शंभर ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे दुप्पट. त्यावर चपाती आणि बिस्किटाचा स्टार्च, गाजराची साखर. ज्याचे पोट दुपारपर्यंत भरले आहे, तो गवत कशाला खाईल? ससा गवत खात नाही हे खरे, पण ते त्याच्या हट्टामुळे नव्हे. आपण त्याच्यासमोर दिवसभर मिठाई ठेवली आहे.

गाजराबद्दल थोडे अधिक. चित्रपटातल्या कार्टून सशाने गाजराला सशाचे जेवण बनवून टाकले. प्रत्यक्षात गाजर हे मूळ आहे आणि गोड आहे. आठवड्यातून एक-दोन वेळा बोटाच्या पेराएवढा तुकडा खाऊ म्हणून ठीक. गाजराचा पाला मात्र गाजरापेक्षा कितीतरी चांगला.

योग्य शिधा

पूर्ण वाढलेल्या सशाच्या रोजच्या खाण्यात सुमारे ८० ते ८५ टक्के वाटा गवताचा असावा. गवत मोजून द्यायचे नाही; दिवसरात्र कधीही संपू द्यायचे नाही. रोज निदान त्याच्या अंगाएवढा ढीग समोर असावा.

गवत म्हणजे कोणते? हरळी, म्हणजेच दूर्वा, सर्वत्र मिळते. ओटचा सुकवलेला चारा चांगला. फवारणी न केलेल्या जागेवरचे, कुत्र्यांचा वावर नसलेले गवत कापून सावलीत सुकवले तरी चालते. भाताचा पेंढा अंथरायला चालेल, पण तो गवताची जागा भरून काढत नाही. लसूणघास, म्हणजे लुसर्न, यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असतात. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिलांना ती ठीक. मोठ्या सशाला रोज देऊ नये. सशाचे शरीर अन्नातले जादा कॅल्शियम शोषून घेते आणि लघवीवाटे टाकते. म्हणून त्याची लघवी थोडी गढूळ असतेच. पण ती चुन्यासारखी दाट झाली, तर मूत्राशयात गाळ आणि पुढे खडा होतो, लघवी थेंबथेंब गळते आणि मागचे पाय भिजून कातडी सोलवटते. म्हणजे हीही 'अस्वच्छता' पुन्हा आहारातूनच आली.

आपल्या शाळांच्या मैदानांवर गवत कापायची यंत्रे चालतात आणि कापलेल्या गवताचे ढीग पडलेले असतात. ते सशाला देण्याचा मोह टाळा. यंत्राने चेचलेले ओले गवत ढिगात लगेच तापते, आंबू लागते आणि सशाच्या पोटात वायू धरतो. विळ्याने किंवा कात्रीने कापलेले ताजे गवत द्यावे.

पालेभाजी रोज मूठ-दोन मूठ: कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, मेथी, फ्लॉवरची पाने. स्वच्छ धुऊन, आलटून पालटून द्यावी. पालक अधूनमधून, थोडा. नवी भाजी एका वेळी एकच सुरू करावी, म्हणजे पोट बिघडले तर कशाने ते कळते. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, अव्होकाडो, चॉकलेट आणि बागेतली कण्हेर ही विषासमान समजावीत. चपाती, भात, पाव, बिस्किटे, हरभरे, शेंगदाणे यांचीही त्याला गरज नाही.

पाणी सतत हवे. दोन किलोचा ससा दिवसाला १०० ते ३०० मिलिलिटर पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त लागू शकते. जड तळाच्या भांड्यातून तो बाटलीपेक्षा सहज पितो. पाणी कमी पडले की आतड्यातला चोथा घट्ट होतो आणि गाडी अडते.

बदल हळूहळू करावा

वरच्या उदाहरणातल्या सशाचे पेलेट उद्यापासून बंद करावेत का? नाही. चपाती, बिस्किटे आणि गाजर आजच थांबवता येतील. पेलेट मात्र दोन-तीन आठवड्यांत, थोडे थोडे करून कमी करावेत. पहाटे आधी ताजे गवत द्यावे, पेलेट संध्याकाळी. गवतात थोडी कोथिंबीर मिसळावी, म्हणजे तो हुंगत हुंगत गवतही खाऊ लागतो. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या किंवा दुकानातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. उपाशी ठेवून वळण लावायचा प्रयत्न कधीही करू नये. ससा, विशेषतः लठ्ठ ससा, उपाशी राहिला तर त्याच्या यकृतात चरबी साठून तो दगावू शकतो.

आंघोळ का नको

ससा स्वतःचे अंग मांजरासारखे चाटून स्वच्छ ठेवतो. पाण्यात बुडवले की तो घाबरतो, अंग गार पडते आणि दाट केस तासन्‌तास वाळत नाहीत. त्याची कातडी पातळ असते, ओले केस ओढले तर ती फाटते. त्याचे मागचे पाय अतिशय ताकदीचे आणि पाठीचा कणा मात्र नाजूक. हातातून सुटायला त्याने जोरात लाथ मारली, तर कणा मोडू शकतो. केवळ भीतीच्या धक्क्यानेही ससे मरतात.

शेपटीखाली घाण चिकटली असेल तर तेवढाच भाग साफ करावा. एकाने ससा मांडीवर टॉवेलमध्ये धरावा, मागच्या पायांना आधार द्यावा. दुसऱ्याने कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने घाण आधी मऊ करावी आणि मग अलगद पुसावी. सुकलेली घाण असेल तर थोडे कॉर्नफ्लोअर भुरभुरून बोटांनी सोडवावी. ओढू नये. शेवटी तो भाग पूर्ण कोरडा करावा.

पावसाळ्यात ही पाहणी दिवसातून दोनदा हवी. ओल्या, घाण झालेल्या केसांवर माश्या अंडी घालतात. एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात आणि जिवंत सशाची कातडी पोखरू लागतात. सकाळी ठीक दिसलेला ससा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचवण्यापलीकडे गेलेला असू शकतो. एक जरी अळी दिसली तरी थेट डॉक्टरकडे जावे.

राहण्याची जागा

सशाची एक सवय आपल्या कामी येते: तो लघवीसाठी एकच कोपरा निवडतो. त्या कोपऱ्यात पसरट ट्रे ठेवावा, तळाशी जुनी वर्तमानपत्रे आणि वर गवत. ट्रेच्या एका टोकाला खायचे गवत ठेवावे. गवत चघळता चघळता लेंड्या टाकणे त्याला आवडते. ट्रे रोज रिकामा करावा. साचलेल्या लघवीतून अमोनिया निघतो, त्याने सशाच्या नाका-फुप्फुसांना इजा होते. ट्रेवर बसलेला पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. फिनाईल वापरू नये.

सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, फक्त केस असतात. तारेच्या जाळीवर ठेवलेल्या सशाच्या टाचांना जखमा होतात. जाळीवर फळी, चटई किंवा जाड गोणपाट घालावे. पावसाळ्यात गवताला बुरशी येते. ते जमिनीपासून उंच, कापडी पोत्यात ठेवावे. काळे पडलेले किंवा कुबट वासाचे गवत फेकून द्यावे.

घरगुती औषधे नकोत

माणसांची औषधे सशाला देऊ नका. तोंडावाटे दिलेली पेनिसिलीन गटातली, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलीनसारखी, प्रतिजैविके त्याच्या सीकममधल्या उपयुक्त जिवाणूंना मारतात आणि त्याने ससा दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात तो फिप्रोनिलचा फवाराही त्याला विषारी आहे. कान-नाकावर खपल्या धरल्या, केस गोलाकार गळले, तर खरूज किंवा गजकर्ण असू शकते. हे दोन्ही माणसांना लागू शकतात. डॉक्टरांना दाखवावे आणि सशाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

रोजची पाच मिनिटांची पाहणी

ससा दुखणे लपवतो. रानात आजारी दिसणारा प्राणी आधी शिकार होतो, म्हणून हा स्वभाव. त्यामुळे तो ओरडण्याची वाट न पाहता आपणच रोज पाहणी करायची. सकाळच्या हजेरीइतकीच नियमित.

१. काल ठेवलेले गवत किती संपले?
२. लेंड्या नेहमीइतक्या, गोल आणि सारख्या आकाराच्या आहेत का? लहान झाल्या किंवा कमी झाल्या का?
३. शेपटीखालचे केस कोरडे आहेत का?
४. हनुवटी ओली आहे का?
५. तळपाय, कान आणि नाक स्वच्छ आहेत का?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ससा खायचा थांबला, लेंड्या थांबल्या, अंग आखडून कोपऱ्यात बसला, दात करकरू लागला, तर त्याचे आतडे थांबले आहे असे समजावे. दहा-बारा तास असे गेले तर ती आणीबाणी असते. "उद्या पाहू" म्हणण्याइतका वेळ सशाजवळ नसतो. ससा तपासणारा पशुवैद्य कुठे आहे, रात्री उघडा असतो का, हे बदलीच्या नव्या गावी गेल्या गेल्या शोधून फोन नंबर भिंतीवर लावून ठेवावा.

शेवटी पालकांसाठी आणि कॅडेट्ससाठी

नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. सहावीत प्रवेश घेतलेल्या मुलाने त्या वर्षी आणलेला ससा तो बारावी पास होऊन अकादमीत जाईल तेव्हाही घरी असेल, आणि मधली सगळी वर्षे त्याची देखभाल आई-वडील, आजी किंवा लहान भावंडे करत असतील. म्हणून ससा आणण्याचा निर्णय एकट्या मुलाचा नसावा, घराचा असावा.

आणि कॅडेट मित्रांनो, सुट्टी संपवून निघताना सूचना तोंडी देऊन निघू नका. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: सशाचे वजन, पेलेटचे ग्रॅम, कोणती भाजी चालते, कोणती नाही, वरचे पाच प्रश्न आणि डॉक्टरांचा नंबर. तो कागद गवताच्या पोत्याशेजारी लावा. रविवारी घरी फोन केला की आधी विचारा, "गवत संपवतो का? लेंड्या ठीक आहेत ना?" या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर तुमचा ससा स्वच्छही असेल आणि सुखरूपही.